सुटलेल्या माशाला वजन नसतं

अर्नॉल्ड लेकनबी खोटं बोलायचा. पण आमच्या स्कारविकमध्ये थंडीत कॉड मासा धरणारा प्रत्येकच माणूस खोटं बोलतो, त्यामुळे त्यात त्याची बदनामी काही नाही. मासा कुठे मिळाला असं विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच, "पायऱ्यांखाली." गावातून किनाऱ्यावर उतरणाऱ्या त्या दगडी पायऱ्यांखाली कुणी बोटभर मासा धरलेला मी जन्मात पाहिलेला नाही. तिथे लोक कुत्री फिरवायला नेतात. पण माझ्या दुकानातली पाटी वाचाल तर गावातले सगळे कॉड तिथेच मिळालेले आहेत.

दुकान माझ्या वडिलांचं. गळ, शिसं, नायलॉनची दोरी, रबरी बूट, आणि मागच्या खोलीत ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले, गळाला लावायचे चिखलातले किडे आणि कात टाकायला आलेले खेकडे. वडील गेल्यावर मी गल्ल्यावर बसले तेव्हा ही बेरिल काय किडे विकणार म्हणून दात काढणारे बरेच होते. थंडी पडल्यावर तेच सकाळी सातला दारात उभे असायचे, टोप्या हातात घेऊन.

गल्ल्यामागे हिरवी पाटी आहे. तिच्यावर दर थंडीतला सगळ्यात मोठा कॉड लिहायचा: नाव, वजन, साल, जागा. आणि सगळ्यात वर, सोनेरी कडेत, आजवरचा सगळ्यात मोठा. वजन खरं असतं, कारण ते माझ्या काट्यावर होतं. जागेच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत "पायऱ्यांखाली". पाटीच्या शेजारी एक लहान फळी आहे, वडिलांनी लावलेली. एकदा दोन माणसांची हातातून सुटलेल्या माशांवरून जुंपली. एकाचा सुटलेला मासा दुसऱ्याच्या सुटलेल्या माशापेक्षा मोठा होता म्हणे. काउंटरची काच फुटली, आणि वडिलांनी नियम केला. फळीवर लिहिलंय: "सुटलेल्या माशाला वजन नसतं." माझ्या दुकानात हुकलेल्या माशाबद्दल कुणी तोंड उघडलं की मी नुसतं त्या फळीकडे बोट करायचे. सगळे हसायचे आणि विषय संपायचा. मला त्या बोटाचा फार अभिमान होता.

हे आधी सांगायला हवं, कारण अर्नॉल्डची सगळी गोष्ट ह्या दोन फळ्यांमध्ये अडकली आहे. त्यानं आयुष्यात एक चूक केली, एका लाटेएवढी. ती एकाच माणसाला सांगायची होती. त्याला बारा वर्षं लागली, आणि तेवढ्यात तो माणूस राहिला नाही.

अर्नॉल्ड बुटका, रुंद खांद्यांचा, आणि तोंडाचा फटकळ. खतासाठी लागणाऱ्या पोटॅशच्या खाणीत कामाला होता. आमच्याकडची खाण जमिनीखालून थेट समुद्राखाली जाते, म्हणजे आठवडाभर हा समुद्राच्या तळाखाली आणि रविवारी त्याच समुद्राच्या काठावर. त्याची बायको आयव्ही म्हणायची, ह्याला मधला भाग तेवढा पाहायचा राहिलाय, एक दिवस तोही बघेल. खाणीत उतरताना प्रत्येकाला पितळी बिल्ला मिळायचा. अर्नॉल्डचा नंबर चारशे बारा. तीस वर्षं तो चारशे बारा होता. अर्नॉल्ड लेकनबी असं पूर्ण नाव, दुसऱ्यांना वाचता येईल असं, जगात एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं, आणि ते म्हणजे माझी पाटी. त्यावरची सगळ्यात वरची, सोनेरी कडेतली ओळ त्याची होती. सत्तावीस पौंड सहा औंस, एकोणीसशे एकोणऐंशी, पायऱ्यांखाली.

ती ओळ रंगवली होती डेनिस स्टॉरनं. डेनिस हा अर्नॉल्डचा जोडीदार. घरं रंगवायचा, दुकानांच्या पाट्या लिहायचा. उंच, वाकलेला, शब्दाला शब्द जोडून बोलायला त्याला वेळ लागायचा, पण ब्रश हातात आला की हात कधी थरथरला नाही. माझ्या पाटीवरचं प्रत्येक अक्षर त्याचं, वडिलांच्या नियमाची फळीसुद्धा त्याचीच. सोनेरी कड कुणी मागितली नव्हती. त्यानं आपणहून काढली. "जोडीदाराचा मासा आहे, नुसत्या पांढऱ्यात कसा लिहू?" म्हणाला.

जोडीदार म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळत नाही. वाळूवर उभं राहून कुणीही एकटा मासे धरेल. आमच्याकडे मात्र कातळ आहेत, त्यांच्यामध्ये घळी, घळींमध्ये शेवाळाचं रान, आणि मोठा कॉड त्या रानाच्या तोंडाशी येतो. गळाला लागला की गळाची काठी धरणारा वर कातळावर उभा राहून त्याला ओढत आणतो. पण ओल्या दोरीनं एवढं वजन कातळावर उचलता येत नाही. म्हणून जोडीदार खाली उतरतो, लांब दांड्याची आकडी घेऊन, घळीच्या ओठापर्यंत. मग थांबायचं. एखादी लाट येते आणि माशाला उचलून ओठावर आणून ठेवते. त्याच लाटेत आकडी मारायची. ती लाट सोडली तर परतीचं पाणी माशाला शेवाळात नेतं, दोरी शिंपल्यांच्या धारेवर घासते, खेळ खलास. ज्याच्या हातात काठी, मासा त्याचा. पण मासा मिळणार की नाही हे आकडीवाला ठरवतो. पाटीवर आकडीवाल्याचं नाव येत नाही. अर्नॉल्डच्या सत्तावीस पौंडाला आकडी मारली होती डेनिसनं, कमरेपर्यंत पाण्यात, आणि वर आल्यावर त्याचा एक बूट समुद्रात गेलेला होता.

त्या दोघांची जागा कुणालाच माहीत नव्हती. पबमधल्या टवाळांनी त्यांचा पाठलाग करून पाहिला. पण डेनिस गाडीच्या टपावर शिड्या ठेवायचा आणि काठ्या त्या शिड्यांमध्ये, रंगाच्या चादरीत गुंडाळून. रविवारी पहाटे शिडी घेऊन कुणाचं घर रंगवायला निघालास, असं कुणी विचारलं तर म्हणायचा, घाईचं काम आहे. बायकांनाही जागा ठाऊक नव्हती. नोरीनला, म्हणजे डेनिसच्या बायकोला, तो पायऱ्यांखाली असतो असंच सांगितलेलं. बिचारी एकदा थर्मास घेऊन पायऱ्यांखाली गेली आणि तासभर कुत्री बघत बसली.

एकोणीसशे चौऱ्याण्णवचा जानेवारी. उत्तरेचं वारं तीन दिवस घोंघावलं आणि चौथ्या दिवशी पडलं. समुद्र चहासारखा झालेला, फाटलेलं शेवाळ काठाला. कॉडसाठी ह्याहून चांगलं पाणी नाही. त्या सकाळी माझे किडे आठ वाजेपर्यंत संपले. अकराच्या सुमारास दोघं दुकानात आले, आणि दोघांकडेही मासा नव्हता. दुकानात आणखी पाच-सहा जण चहाचे मग घेऊन उभे होते. अर्नॉल्ड कमरेपर्यंत भिजलेला, ओठ काळेनिळे, आणि त्याच्या तोंडून एक शब्द नाही. अर्नॉल्ड गप्प म्हणजे काहीतरी बिनसलंय हे मला कळायला हवं होतं.

डेनिस थेट गल्ल्याशी आला. टोपी काढून दोन्ही हातांत पिळत उभा राहिला. "बेरिल," म्हणाला, "आज एक मोठा लागला होता, आणि मी..."

मी फळीकडे बोट केलं.

सगळे हसले. डेनिसनं फळीकडे पाहिलं. त्याचंच अक्षर. तोही थोडा हसला, टोपी घातली आणि म्हणाला, "बरोबर आहे. एक पाकीट शिशाचं दे." अर्नॉल्ड दाराशी पाठ करून उभा होता. मी त्या दिवशी स्वतःवर खूश होते. डेनिसनंही फुशारकी मारायला सुरुवात केली, बघा, असं मी दिवसभर सांगत सुटले.

त्यानंतर डेनिस त्या जागेवर गेला नाही. आपलं आता वय झालं, म्हणाला, कातळ नकोत, आपण बंदराच्या धक्क्यावर उभं राहू. धक्क्यावर कठडा असतो, बाकं असतात, आणि जाळं खाली सोडून मासा वर घेता येतो, आकडीवाला लागत नाही. अर्नॉल्ड दोन-तीनदा त्याच्याबरोबर धक्क्यावर गेला. मग म्हणाला, धक्का म्हणजे पेन्शनवाल्यांची बाग आहे, आणि एकटाच कातळावर जायला लागला. कातळावर एकटं जात नाहीत. मी त्याला दुकानात सगळ्यांसमोर झापलं. "तू गेलास तर आयव्हीला सांगायला मीच जायचं का?" असं विचारलं. तो म्हणाला, "तू किडे मोज, पोरी." मी तेव्हा चाळिशी ओलांडलेली होते.

भांडण असं काही झालं नाही. रस्त्यात भेटले की बोलायचे, हवेबद्दल, गुडघ्यांबद्दल. नाताळात एकमेकांकडे कार्डं जायची. पण जोडी मोडली होती, आणि गावात कुणालाच कारण माहीत नव्हतं. मी कारण विचारलंही नाही. हुकलेल्या माशापाशी कुठेतरी गाडी अडलीय हे दिसत होतं, आणि हुकलेल्या माशाबद्दल माझ्या दुकानात बोलत नसत.

अर्नॉल्डच्या मनात काय होतं ते मला नंतर कळलं. त्या सकाळी काठी डेनिसच्या हातात होती, आणि आकडी घेऊन खाली उतरला होता अर्नॉल्ड. त्याला वाटायचं, डेनिसनं वरून सगळं पाहिलंय. डेनिसला माहीत आहे, आणि तो बोलत नाही. कातळ सोडून धक्क्यावर गेला तो ह्याचसाठी, की तिथे आकडी लागत नाही. म्हणजे त्याचा आता माझ्या आकडीवर भरवसा नाही. धक्क्याकडे नजर गेली की त्याला असं वाटायचं, आणि धक्का त्याच्या खिडकीतून दिसायचा.

आणि दर ऑक्टोबरला, थंडीच्या आधी, डेनिस रंगाचे डबे घेऊन दुकानात यायचा. समुद्राच्या हवेनं पाटीचे पोपडे निघतात. तो प्रत्येक ओळ पुन्हा उजळायचा, आणि सोनेरी कड शेवटी. चौऱ्याण्णवनंतरही आला, दर वर्षी. एका ऑक्टोबरात तो कड काढत असताना अर्नॉल्ड आत आला. डेनिस स्टुलावर उभा, जीभ दातांत धरून त्याच्या नावाची कड ओढत होता. मला वाटलं आता बोलतील. अर्नॉल्ड दोन मिनिटं उभा राहिला, मग गळ न घेताच निघून गेला. मी मनात म्हटलं, काय कृतघ्न माणूस आहे. डेनिस म्हणाला, "घाईत असेल." मला आज त्या दोघांना कान धरून समोरासमोर बसवावंसं वाटतं, आणि त्याआधी माझा स्वतःचा कान धरावासा.

कॉडही कमी होत गेला. पाटीवर दर वर्षी वजन उतरत चाललं: अठरा, चौदा, अकरा. एका थंडीत तर सहा पौंडाचा मासा लिहायची वेळ आली आणि डेनिसनं विचारलं, हे खरंच लिहू का. मी म्हटलं लिही. अर्नॉल्डचे सत्तावीस पौंड सहा औंस तिथेच वर चमकत राहिले. आता ते कुणी मोडणार नव्हतं हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. आणि अर्नॉल्ड दुकानात आला की पाटीकडे पाठ करून उभा राहायचा. मी समजायचे, विनय.

दोन हजार सहाच्या जानेवारीत डेनिस गेला. फुफ्फुसं. रंगाच्या वासात आयुष्य काढलं होतं. चॅपलमध्ये अंत्यविधीला अर्नॉल्ड सगळ्यात मागच्या बाकावर बसला आणि नंतरच्या चहाला, हॅमच्या सँडविचेसना, थांबला नाही. लोक बोलले. मीही बोलले.

पंधरा दिवसांनी, दुपारी, दुकानात कुणी नव्हतं. पाऊस आडवा येत होता. अर्नॉल्ड मागच्या खोलीत माझा बिघडलेला हीटर बघत होता, कारण खाणीतून सुटल्यापासून गावातल्या सगळ्या बिघडलेल्या वस्तू तोच बघायचा. तेवढ्यात नोरीन आली. हातात चामड्याची गुंडाळी. काउंटरवर उलगडली. डेनिसचे ब्रश. बारीक, जाड, आणि सोनेरी कडेचा तो लांब केसांचा. मी चहा ओतला. अर्नॉल्ड हात पुसत बाहेर आला आणि तिला बघून तिथेच थांबला.

"बरं झालं तू आहेस," नोरीन म्हणाली. "हे तुझ्यासाठी आहेत."

"माझ्यासाठी? मला धड दाराला रंग देता येत नाही."

"मीही तेच म्हटलं त्याला. म्हणाला, तरी अर्नॉल्डलाच दे. पाटीची काळजी घेईल." तिनं चहाचा घोट घेतला. "आणि म्हणाला, माझ्याकडून माफी माग."

"कुणाची?"

"तुझी. कुणाची म्हणजे काय? त्या लाटेबद्दल." तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा त्याच्याकडे. "तुला माहीत असेल असं मला वाटलं. गळाला तो मोठा लागला होता ना, शेवटचा. म्हणाला, मला तो मासा हवा होता, नोरीन, इतका हवा होता की मी वरून ओरडत सुटलो, जा, जा, मार आकडी. आणि मागून घराएवढी लाट येताना मला दिसत होती. अर्नॉल्ड थांबला म्हणून वाचला. एका पाटीवरच्या नावासाठी मी त्याला मारलं असतं. म्हणून तर तिथे जायचं सोडलं त्यानं. पुन्हा तिथे उभा राहिलो तर पुन्हा ओरडेन, म्हणायचा."

आज एक मोठा लागला होता, आणि मी... एवढंच बोलला होता डेनिस त्या सकाळी. पुढचं वाक्य हे होतं. मला वाटलं होतं तो वजन सांगणार.

अर्नॉल्डनं सोनेरी कडेचा ब्रश उचलला आणि पुन्हा जागेवर ठेवला. त्याला गप्प बसता आलं असतं. तिच्या मनात डेनिस मोठ्या मनाचा होता, अर्नॉल्ड निर्दोष होता, आणि सगळं तिथेच मिटत होतं. त्याचा फटकळपणा आयुष्यभर दुसऱ्यांवर वापरून झाला होता. त्या दिवशी पहिल्यांदा तो त्यानं स्वतःवर वापरला.

"नोरीन, लाट मोठी नव्हती," तो म्हणाला.

"काय?"

"गुडघ्याएवढी होती. बरोब्बर पाहिजे तशी. तिनं मासा आणून माझ्या पायाशी ठेवला, ताटात वाढावा तसा. मी तो डोक्यापासून शेपटीपर्यंत पाहिला. माझ्या माशापेक्षा मोठा होता. तीस पौंड तरी. आकडी हातात होती. मी ती मारली नाही."

"तू घाबरलास."

"नाही. मी पाटी पाहिली. तिथे उभा राहून मला ही पाटी दिसली, सगळ्यात वर माझं नाव, आणि मी थांबलो. एवढंच. मग पाणी परत गेलं."

नोरीननं चहा संपवला, सगळा, सावकाश. हातमोजे घातले, एकेक बोट नीट बसवून.

"हे त्याला सांगायचं होतंस," ती म्हणाली. "बारा वर्षं होती तुझ्याकडे. तो धक्क्यावर बाकावर बसलेला असायचा."

ब्रश तिथेच ठेवून ती गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं अर्नॉल्ड मला नंतर म्हणाला.

मी त्या लाटेचा पुष्कळ विचार केला आहे. आमच्याकडे सुटलेल्या माशाला वाढू देत नाहीत. गप्पांत तो दर वर्षी दोन पौंडांनी मोठा झाला असता, लोकांनी थट्टा केली असती, अर्नॉल्ड चिडला असता आणि रागाच्या भरात कधीतरी खरं बोलून गेला असता. ते दार आम्ही बंद केलेलं. म्हणून माशाऐवजी डेनिसच्या मनात लाट वाढत गेली. गुडघ्याएवढी होती ती घराएवढी झाली, आणि ती त्यानं स्वतःच्या नावावर लावून घेतली. एक जण सांगायला आला तेव्हा मी बोट केलं, आणि दुसरा त्याच बोटामागे बारा वर्षं लपला.

अर्नॉल्डनं त्याच दिवशी मला सांगितलं, माझी ओळ पुसून टाक. मी म्हटलं, "ते जमणार नाही. सत्तावीस पौंड सहा औंस मी स्वतः काट्यावर पाहिलेत, वडिलांच्या शेजारी उभी राहून. खरा मासा मी पुसत नाही." मग डेनिसचं नाव वर लिही, म्हणाला. मी विचारलं, वजन काय लिहू? तो फळीकडे बघत राहिला. नियम मोडायला मी तयार होते, खरंच सांगते. तीस लिहू, म्हटलं. पण तोच नाही म्हणाला. कुणी मोजलेला नाही, आता तरी खोटं नको.

ऑक्टोबरपर्यंत तो जुन्या दारांवर, फळ्यांवर सराव करत होता. आयव्ही म्हणाली, घरात एकही लाकूड कोरं राहिलेलं नाही, कोंबड्यांच्या खुराड्यावरसुद्धा डेनिसचं नाव आहे. मग एका सोमवारी, दुकान बंद असताना, तो स्टुलावर चढला. सत्तर वर्षांचा माणूस. हात थरथरत होता म्हणून मनगट डाव्या हातानं धरलं होतं. स्वतःच्या ओळीची सोनेरी कड त्यानं हिरव्या रंगानं बुजवली, ती मी त्याला बुजवू दिली. तिच्या वर लिहिलं: डेनिस स्टॉर. वजनाची जागा रिकामी. साल एकोणीसशे चौऱ्याण्णव. आणि जागेच्या रकान्यात, पाटीवर पहिल्यांदाच, खरी जागा: "भट्टी. जुन्या तुरटीच्या खाणीखाली, दोरीच्या वाटेनं उतरून, दुसरी घळ."

मी ती वाचत राहिले. अख्खं गाव तीस वर्षं ह्या एका ओळीच्या मागे होतं.

ती ओळ लिहिली तेव्हा भट्टीत कॉड उरलेला नव्हता. दोन-चार जण दोरीच्या वाटेनं उतरले आणि शेवाळ घेऊन परत आले. कुणी त्याबद्दल अर्नॉल्डला काही बोललं नाही. नोरीन वसंतात आली, चष्मा लावून पाटीसमोर उभी राहिली. "म्हणजे इथे असायचा तो," म्हणाली. मग म्हणाली, अक्षरं वाकडी आहेत, डेनिसला चाललं नसतं. मी विचारलं, कुणाकडून तरी नीट करून घेऊ का. ती म्हणाली, नको. अर्नॉल्डशी ती त्यानंतर बोलली की नाही, ते मला माहीत नाही. मी पाहिलं नाही एवढं खरं.

अर्नॉल्ड जाऊन चार वर्षं झाली. शेवटची थंडी त्यानं धक्क्यावर काढली, कठड्याशी, डेनिसच्या बाकावर. काठी न घेता जायचा. मी विचारलं की म्हणायचा, काय करू, पोरी, आता कुणी शेजारी नाही.

उन्हाळ्यात बाहेरचे लोक दुकानात येतात, पाटी वाचतात, आणि सगळ्यात वरच्या ओळीपाशी अडतात. इथे वजन राहून गेलंय वाटतं, असं म्हणतात. वडिलांची फळी काढून टाकावी असं माझ्या मनात शंभरदा येऊन गेलं. पण तिच्यावरचं अक्षर डेनिसचं आहे, आणि तसं अक्षर आता ह्या दुकानात दुसरं नाही, कारण पाटीवरच्या बाकी ओळी अर्नॉल्डच्या थरथरत्या हातानं उजळून उजळून वाकड्या झाल्या आहेत. म्हणून फळी तिथेच आहे. कुणी वजन विचारलं तर मी बोट करत नाही. चहा ओतते आणि खुर्ची पुढे सरकवते.